पट्ट्यातला टिपकागद

बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे मोजणीबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की मोजणीबाई. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. नमुन्याच्या पाकिटातून चारशे दाणे न निवडता उचलायचे, ओल्या जाड टिपकागदावर ओळीने मांडायचे, उबेच्या कपाटात ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी कपाट उघडून मोजायचे. किती उगवले, किती वेडेवाकडे उगवले, किती कुजले. उगवलेले मोजायला कुणालाही आवडतं, त्यासाठी पगार द्यायची गरज नाही. न उगवलेले एकेक करून मोजायचे आणि तसेच्या तसे लिहायचे, तेही पाकीट कुणाचं आहे हे न कळता, यासाठी मोजणीबाई लागतात.

त्या कामात एक खोडसाळपणाही होता. मुख्य कचेरी वर्षातून एकदा नेहमीच्या पाकिटांत एक पाकीट हळूच सरकवायची, भट्टीत तापवून मारलेल्या बियांचं. दिसायला हुबेहूब जिवंत, पण त्यातून काही उगवणं शक्यच नसायचं. एका वर्षी बाईंच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, चांगल्या मुरलेल्या माणसाने, त्या पाकिटापुढे एक्याण्णव टक्के असं लिहून टाकलं. तो लबाड नव्हता. पाण्याने फुगून साल फुटलेलं बी त्याला उगवलेलं दिसलं, कारण त्या जातीचं बी एरवी नव्वदच्या वरच उगवायचं. बिचारा नंतर आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. बाई मात्र तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाला हेच बजावत आल्या की खोटं लिहिणारे थोडे असतात, पण ज्याची वाट बघतोय तेच ज्यांना दिसतं असे आपण सगळेच असतो.

घरी त्यांची मुलगी सात वर्षं आजारी होती, आता तर अंथरुणाला खिळलेली.

तिला भिंगरी म्हणायचे. हे नाव बाबांनी ठेवलं होतं, ती चालायला लागली आणि पुन्हा म्हणून एका जागी बसली नाही तेव्हा. मोठेपणी ती पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभी, आणि घरी आली तरी तोंडाची टकळी चालूच. चोविसाव्या वर्षी तिला साधा ताप आला. आठवड्यात उतरला, पण ती काही त्यातून उठली नाही. आधी जिना चढवेना, मग केस विंचरवेनात, मग उजेड सोसवेना, शेवटी माणसाचा आवाजही. त्यात या आजाराची एक खोड अशी की जरा बरं वाटलं म्हणून चार पावलं जास्त टाकली, तर तो गप्प बसून बघायचा आणि दोन दिवसांनी उट्टं काढायचा.

आजाराला नाव मिळायलाच दोन वर्षं गेली, आणि मिळालं तेही असं की चारचौघांत सांगायची चोरी. दीर्घ थकव्याचा आजार. ऐकणारा हमखास म्हणायचा, थकवा काय हो, आम्हालाही येतो. एका मोठ्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट चाळले आणि हसून सांगितलं, "तू खोटी नाहीस, पण तुझा आजार खरा नाही." रोज थोडं थोडं चालणं वाढव, असा त्यांचा उपाय. तेव्हा ती चालू शकत होती. तीन महिने तिने दात-ओठ खाऊन चालणं वाढवलं आणि चौथ्या महिन्यात तिला चाकांच्या खुर्चीतून घरी आणावं लागलं. त्या डॉक्टरांचं वाक्य मात्र तिच्या मनात रुतून बसलं ते बसलंच.

सातव्या वर्षी मानेच्या ऑपरेशनचा विषय घरात आला. भिंगरी पडदे लावलेल्या खोलीत, फोनचा उजेड अगदी कमी करून, दिवसातून पाच-दहा मिनिटं वाचू शकायची. तिच्यासारख्याच आजाऱ्यांचा एक गट होता, जगभर विखुरलेला, सगळे आपापल्या अंधाऱ्या खोल्यांतून एकमेकांना लिहिणारे. त्यातल्या काहींच्या माना म्हणे वरच्या दोन मणक्यांशी, कवटी टेकते तिथे ढिल्या झाल्या होत्या. सर्जनने तिथे स्क्रू आणि सळ्या घालून कवटी मणक्यांना कायमची जखडली आणि माणसं उठून बसली. मान आयुष्यात पुन्हा वळणार नाही, एवढीच किंमत. एका बाप्याने तर टेकडीवर चढून काढलेला फोटो टाकला होता. त्या फोटोने भिंगरीची झोप उडवली.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री. त्यांना हे एका वाक्यात पटलं. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला समजेल असं बोललं, म्हणाले. ढिलं झालंय तर आवळायचं, एवढंच आहे ना? पैशाचं मी बघतो, असंही म्हणाले आणि तो विषय त्यांनी तिथेच मिटवला. पण भिंगरीला एवढ्यावर भागणार नव्हतं. तिने आईला खाटेजवळ बोलावलं.

"आई, तू बघ यातलं खरं काय ते," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तुझ्या पद्धतीने बघ. तू म्हणशील ते मी करीन. कर म्हणालीस तर करीन, नको म्हणालीस तर नाही करणार."

बाईंनी त्या अंधारात मान हलवली, मग ती हललेली तिला दिसणार नाही हे लक्षात येऊन हो म्हणाल्या.  दाण्यांचा निकाल दिला की दुसरं पाकीट उघडता येतं. हे पाकीट एकच होतं.

त्या कामाला लागल्या. रोज प्रयोगशाळेतून आलं की चहाचा कप घेऊन गटातली जुनी पत्रं वाचत बसायच्या. बरे झालेल्यांची गोष्ट जो तो शोधत होता. बाईंनी तसं केलं नाही. 'मी ऑपरेशनला निघालो' असं ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं त्यांची तारखेप्रमाणे यादी केली, एकही न गाळता. बावन्न माणसं निघाली. मग त्या प्रत्येकाच्या मागे लागल्या. अकरा जण म्हणत होते की बरं वाटतंय, त्यांतले चौघं खरोखर हिंडते-फिरते झाले होते. नऊ जण होते तिथेच होते. सहा जणांचं होतं तेही बिघडलं होतं. एकीला घास गिळता येईना, एकाची मान पुन्हा उघडावी लागली. एकजण गेली. आणि उरलेले पंचवीस ऑपरेशनला निघाल्यावर गटात पुन्हा कधी बोललेच नव्हते.

हे पंचवीस बाईंच्या डोक्यातून जाईनात. बरे होऊन आपल्या उद्योगाला लागले आणि आजाऱ्यांच्या गटाकडे फिरकले नाहीत, की लिहिण्याइतकंही बळ उरलं नाही? त्यांनी पंचवीसही जणांना पत्रं पाठवली. तीन उत्तरं आली. एक बाई पुन्हा शाळेत शिकवायला लागली होती. एकाने लिहिलं, मला या विषयावर बोलायचं नाही. तिसरं उत्तर कुणाच्या तरी नवऱ्याचं होतं, चार ओळींचं, आणि ते वाचून बाईंनी फोन पालथा ठेवला.

वैद्यकाचे लेखही त्यांनी जमतील तसे वाचून काढले. कुणी तीन रुग्णांबद्दल लिहिलं होतं, कुणी दहा. ऑपरेशन केलेले एकीकडे, न केलेले एकीकडे, आणि दोघांना सारख्याच डोळ्यांनी बघणारा तिसरा माणूस, असं कुठेही नव्हतं. जे उठले ते ऑपरेशनने उठले, की नंतरच्या सक्तीच्या विश्रांतीने, की तसेही उठणारच होते, हे सांगायला काही जागाच नव्हती. यातून काहीच ठरत नाही, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

"चौघं उठली ना?" मिस्त्री म्हणाले.

"उठली. कशाने उठली ते कळत नाही."

"उठलेल्या माणसाला ते विचारायचं कशाला?"

यावर बाईंकडे उत्तर होतं, पण ते नवऱ्याच्या तोंडाकडे बघून त्यांनी गिळलं. मिस्त्रींनी सात वर्षांत लेकीसाठी शंभर गोष्टी दुरुस्त केल्या होत्या. दाराच्या बिजागऱ्या वाजू नयेत म्हणून, नळ ठिबकू नये म्हणून, खालच्या मजल्यावरचा पंखा घरघरू नये म्हणून शेजाऱ्यांकडे जाऊन तोही. लेक तेवढी दुरुस्त होत नव्हती.

सर्जन दूरच्या शहरातले. पडद्यावर भेटले. पन्नाशीचे, नेटके, घाई नसलेले. त्यांनी मानेच्या फोटोंवर रेघा मारून कोन दाखवला. मर्यादेच्या दोन अंश पलीकडे. हेच फोटो इथल्या मणक्याच्या डॉक्टरांनी बघून सगळं ठीक आहे म्हटलं होतं. बाईंनी विचारलं, निरोगी माणसांच्या माना तुम्ही अशाच मोजल्यात का, आणि मोजताना मान कुणाची आहे हे तुम्हाला माहीत असतं का? मिस्त्रींनी टेबलाखालून बायकोचा पाय दाबला. सर्जन मात्र रागावले नाहीत. माहीत असतं, म्हणाले, आणि निरोगी माणसं माझ्याकडे येत नाहीत. मोठा अभ्यास झालेला नाही हेही त्यांनी आपणहून कबूल केलं. माणूस प्रामाणिक होता. बाईंना त्याचीच जास्त भीती वाटली, कारण त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा तो सहकारीही प्रामाणिकच होता.

शेवटी सर्जननी एक गोष्ट सुचवली. मानेला कडक पट्टा बांधून पाच आठवडे बघा. मान बाहेरून धरून ठेवल्यावर ती सुधारली, तर आतून धरल्यावरही सुधारेल असं म्हणता येईल. आपल्या हाताशी यापेक्षा चांगली खूण नाही. हे ऐकून बाईंना जरा हायसं वाटलं. चला, निदान काहीतरी तपासता येण्यासारखं आहे.

पट्टा आला. कापडी खोळ, आत पुढे एक आणि मागे एक अशा प्लास्टिकच्या दोन ताठ पट्ट्या. खोळ धुवायची झाली की पट्ट्या सरकवून बाहेर काढता यायच्या. तो घालणं-काढणं बाईंकडेच होतं. मिस्त्रींनी फ्रिजवर कागद लावला आणि भिंगरी रोज किती मिनिटं बसते ते लिहायला घेतलं. आधी ती चार मिनिटं उशांना टेकून बसायची. सहाव्या दिवशी नऊ झाली. आठव्या दिवशी पंधरा. दहाव्या दिवशी वीस मिनिटं बसली आणि पडदा बोटभर उघडायला सांगितला. पट्टा आल्यापासून घेतलेली रजा मिस्त्रींनी वाढवून घेतली. सात वर्षांत ते घरात शीळ वाजवायचं विसरले होते. ती परत सुरू झाली, अर्थात स्वयंपाकघराचं दार लावून.

बाईंनाही आनंद झाला, का होणार नाही? रडू येईस्तोवर झाला. पण दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत टिपकागद भिजवताना त्यांच्या मनात किडा वळवळला. या दहा दिवसांत फक्त पट्टाच बदलला का? बाबा दिवसभर घरी. घरात वादावादी नाही. रोज कुणीतरी उत्सुकतेने मिनिटं लिहितंय. आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिला उठण्याचं कारण दिसतंय. पाणी, ऊब, उजेड, सगळं एकदम बदललं तर दाणा कशाने उगवला म्हणायचं? आणि या वीस मिनिटांच्या भरवशावर पोरीच्या कवटीत स्क्रू घालायचे?

तिला सांगून करता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण सांगितलं की तपासणी संपली. हे त्यांना एकतीस वर्षांच्या सवयीने पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याला सांगावं तर त्यांच्या चेहऱ्यावर सगळं पाटी लिहिल्यासारखं उमटायचं.

अकराव्या दिवशी खोळ धुवायची होती. बाईंनी प्रयोगशाळेतून जाड टिपकागदाचे दोन ताव आणले होते. प्लास्टिकच्या पट्ट्या कागदावर ठेवून त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवली, चार-चार थर कापून चिकटवले, आणि धुतलेल्या खोळीत त्या दोन कागदी पट्ट्या सरकवून तोंड शिवून टाकलं. वरून हात फिरवला तर आकार तोच. बोटाने जोर दिला तर लगेच वाकायचा. खऱ्या पट्ट्या त्यांनी कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली ठेवल्या. मग पट्टा लेकीच्या मानेला बांधला. फार तर दोन-तीन दिवस, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मिनिटं खाली येतील, म्हणजे पट्टा खरंच मान धरत होता हे सिद्ध होईल. मग पट्ट्या परत घालायच्या, तिची माफी मागायची आणि स्वतः तिला ऑपरेशनला घेऊन जायचं. मिनिटं खाली यावीत म्हणून त्या मनोमन प्रार्थना करत होत्या.

मिनिटं वर गेली. तेराव्या दिवशी भिंगरी भिंतीला धरून बाहेरच्या टेबलापर्यंत आली आणि बाबांच्या ताटलीतलं अर्धं उकडलेलं अंडं खाऊन गेली. मिस्त्रींनी त्या खुर्चीला दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही. सतराव्या दिवशी पस्तीस मिनिटं. मान तिची तीच सावरत होती, बाईंना स्पष्ट दिसत होतं. कागदाने काय धरणार? फ्रिजवरचा प्रत्येक आकडा बघून बाप फुलत होता आणि आईच्या काळजाचं पाणी होत होतं. ज्या दिवशी लेक सात वर्षांनंतर मोठ्याने हसली, त्या दिवशी बाई बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडल्या. इतकी वर्षं जे हसू ऐकायला कान आसुसले होते, ते ऐकून हे व्हावं.

इकडे मिस्त्री नव्या कामाला लागले होते. साध्या खुर्चीत तिची पाठ दुखते म्हणून त्यांनी खास खुर्ची करायला घेतली. उंच पाठ, पाय ठेवायला फळी, पट्ट्यासकट मान नीट टेकेल अशी पुढे-मागे होणारी उशी. रविवारी दुपारच्या जेवणाला ती खुर्ची तयार असणार होती. सोमवारी पाच आठवडे पुरे होत होते आणि सर्जनचा फोन येणार होता, तारीख ठरवायला.

गुरुवारी दुपारी मिस्त्री खुर्चीचे स्क्रू आणायला बाहेर गेले. बाईंनी अर्धी सुट्टी घेतली होती. त्या खोलीत जाऊन खाटेच्या कडेला बसल्या आणि सगळं सांगितलं. घुमवून-फिरवून नाही, निकाल वाचावा तसं. भिंगरी हलली नाही. 

"कितव्या दिवसापासून?" तिने विचारलं.

"अकराव्या."

"टेबलाशी मी तेराव्या दिवशी आले."

"हो."

"म्हणजे मी खोटी."

"नाही गं राणी. तू नाही खोटी. तो पट्टा..."

"त्या डॉक्टरांनीही असंच म्हटलं होतं, आई. तू खोटी नाहीस म्हणून."

 त्या डॉक्टरांना सात वर्षांत बाईंनी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या होत्या, आणि आता त्याच रांगेत त्या स्वतः येऊन उभ्या होत्या. पट्टा तपासतोय असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. पण पट्टा बोलत नाही, चालत नाही, मिनिटं देत नाही. तपासली गेली ती पोरगी.

"सात वर्षं सगळ्यांनी मला तपासलं," भिंगरी म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढवण्याइतका तो तिच्याकडे नव्हताच. "एक तूच राहिली होतीस."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. "पण काय करू? तुझी मान आहे ती. एकदा जखडली की परत..."

"ते बसणं खोटं नव्हतं. मी बसत होते. कुठून बसत होते ते माझं मला माहीत. परवापासून हात थरथरतायत, सकाळी उजेड सोसत नाही. मी बोलले नाही, कारण बाबा तो कागद लिहीत होते." ती थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली. "मोजणी चुकलेली नाही ना तुझी?"

"नाही."

"मग नाही करायचं ऑपरेशन. तू म्हणशील ते करीन म्हटलं होतं मी."

बाई तिचा हात धरायला गेल्या. तिने तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. बाई म्हणाल्या, खऱ्या पट्ट्या आहेत, आत्ता घालते. त्यावर ती म्हणाली, राहू दे, काय फरक पडतो, तूच मोजलंस ना. हे ती टोचायला म्हणाली की नुसतं म्हणाली, हे बाईंना पुढे कधी कळलं नाही. विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

"एक कर," ती शेवटी म्हणाली. "बाबांना रविवारचं जेवण होईपर्यंत सांगू नकोस. खुर्ची करतायत ना ते. एकदा बसते त्यात."

"अगं पण तुला झेपणार नाही. तूच म्हणतेस हात थरथरतायत. मागून किती भोगावं लागेल..."

"ते मी मोजलंय," भिंगरी म्हणाली.

तीन दिवस बाईंनी तोंड शिवून ठेवलं. आयुष्यात त्यांनी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि आता नवऱ्याने काही विचारलं की त्या भाजी चिरायला लागायच्या. मिस्त्री म्हणायचे, तुला मेलं कशाचंच कौतुक नाही. शनिवारी संध्याकाळी खुर्चीवर पॉलिशचा शेवटचा हात बसला आणि वास तिला सोसणार नाही म्हणून त्यांनी ती रात्रभर गॅलरीत ठेवली.

रविवारी साडेबाराला भिंगरी आली. आईने बांधून दिलेला पट्टा गळ्यात, केस विंचरलेले, अंगात पोहायला शिकवायला जायची तेव्हाचा पिवळा शर्ट, आता दोन माप मोठा झालेला. मिस्त्रींनी खुर्ची मागे ओढली, ती बसल्यावर पुढे सरकवली, पायाखालची फळी वर घेतली, उशी जुळवली. मग चार पावलं मागे जाऊन नुसतं बघत राहिले. बाईंनी सूप वाढलं. मिस्त्रींनी लिफ्टमध्ये अडकलेल्या एका जाड्या गृहस्थाची गोष्ट सांगायला घेतली. ती घरात वीसएक वेळा सांगून झाली होती आणि प्रत्येक वेळी तो गृहस्थ चार किलोंनी वाढायचा. भिंगरी हसायच्या जागी बरोबर हसली. तिचा डावा हात मांडीवर होता. बाई तिच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या, म्हणून ती मूठ आवळलेली आणि बोटांची पेरं पांढरी पडलेली त्यांनाच तेवढी दिसत होती. चमचा तोंडाशी नेताना ती कोपर टेबलावर टेकवत होती, जणू आरामात बसली आहे अशी.

"बघितलंस?" मिस्त्री बायकोला म्हणाले. "पट्ट्याने काय कमाल केली ती? आता आतून आवळलं की झालं."

भिंगरीने आईकडे बघितलं.

"हो," बाई म्हणाल्या.

आणखी एक पळी सूप हवं का विचारल्यावर ती हो म्हणाली आणि तेही संपवलं.  बाईंना ओरडून सांगावंसं वाटत होतं की उठ गं आता, पुरे झालं. पण हे जेवण लेक बापाला वाढत होती. त्यात हात घालायचा त्यांना अधिकार उरला नव्हता. एकेचाळीस मिनिटांनी भिंगरी म्हणाली, बाबा, खुर्ची फार छान झालीये, मी जरा पडते. ती स्वतः उठली, खोलीच्या दारापर्यंत स्वतः चालत गेली. दार लागल्यावर तिचा सगळा भार आईच्या अंगावर आला. बाईंनी तिला उचलूनच खाटेवर घातलं. वजन ते काय राहिलं होतं?

पट्टा सोडला तेव्हा आतला कागद घामाने भिजून मऊ झाला होता. मानेवर त्याचा वळही उठला नव्हता. बाईंनी पडदा ओढला, उशी सारखी केली, ओला रुमाल डोळ्यांवर ठेवला.

"आता सांग त्यांना," भिंगरी म्हणाली. शब्द जेमतेम कळत होते.

"थोड्या वेळाने सांगते. तुला झोप लागू दे."

"आताच. उद्या फोन आहे. त्यांना एक दिवस तरी मिळायला हवा."

बाई बाहेर आल्या. फ्रिजवरच्या कागदावर एकेचाळीस हा आकडा लिहून मिस्त्रींनी त्याच्याभोवती गोल काढला होता. स्वतः ते खुर्चीमागे गुडघ्यावर बसून मानेच्या उशीचा स्क्रू ढिला करत होते. तिची मान थोडी पुढे येत होती, म्हणाले, अर्धा इंच मागे घेतो, म्हणजे उद्या तिला टेकून तासभर बसता येईल.

"अहो, ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "जरा बसा."

मिस्त्रींनी मान वर करून बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हातातला स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. दुसरी खुर्ची न ओढता ते लेकीच्याच खुर्चीत बसले, उशी जमली का ते बघायला डोकं मागे टेकवलं आणि म्हणाले, "बोल."